समुद्रातल्या वाऱ्याला सरकारचा हातभार : पैसा कुणाच्या खिशातून, फायदा कुणाच्या पदरात?

(रेडिओवरच्या आमच्या भाषणाचं लेखी रूप)

मागच्या महिन्यात आपण घरच्या वीजबिलातली एकेक ओळ समजून घेतली. त्यानंतर गटांकडून बरेच प्रश्न आले. त्यातला एक असा : "सरकार आता समुद्रात पवनचक्क्या उभारायला कंपन्यांना हजारो कोटी देणार आहे म्हणे. आमच्या गटाला चार शेळ्या घ्यायच्या तर दहा कागद मागतात. मग कंपन्यांना एवढे पैसे कशासाठी?"

प्रश्न रोखठोक आहे आणि रास्तही आहे. या पैशाची बाजू घेणारे जाणकार आहेत, त्याला विरोध करणारेही जाणकार आहेत. आज दोन्ही बाजू तुमच्यापुढे मांडतो. निकाल तुम्ही तुमच्या बैठकीत लावा. मात्र तो लावण्याआधी आपल्याच महाराष्ट्रात वाऱ्याच्या विजेला सरकारने आधी कशी मदत केली आणि त्याचं पुढे काय झालं, ते बघून घेऊ. समुद्रातली गोष्ट नवी आहे. डोंगरावरची तीस वर्षांची जुनी आहे, आणि जुन्या गोष्टीतून शिकायला पैसे पडत नाहीत.

आधी थोडा हिशेब

पवनचक्कीचं काम सोपं आहे. वारा पाती फिरवतो, पाती आतलं जनित्र फिरवतात, जनित्रातून वीज निघते. जातं हाताने फिरवलं की पीठ पडतं, तसंच. हात थांबला की पीठ थांबलं, वारा थांबला की वीज थांबली.

एक मेगावॉटची पवनचक्की म्हणजे पूर्ण जोरात चालली तर तासाला एक हजार युनिट वीज देणारी. पण वारा बारा महिने चोवीस तास सारखा वाहत नाही. आपल्या डोंगरांवर पूर्ण ताकदीच्या वीस-बावीस टक्के वीज हाती आली तरी ठीक समजतात. म्हणजे वर्षाला एकोणीस लाख युनिटच्या आसपास. महिन्याला शंभर युनिट जाळणारी घरं धरली, तर साधारण सोळाशे घरांची सोय झाली.

समुद्रात वाऱ्याला डोंगर, झाडं, इमारती आडव्या येत नाहीत. तिथे तो जास्त जोराने आणि जास्त एकसारखा वाहतो. केंद्र सरकारच्या अंदाजाप्रमाणे समुद्रातल्या एक हजार मेगावॉटमधून वर्षाला ३७२ कोटी युनिट मिळतील. म्हणजे एका मेगावॉटमागे ३७ लाख युनिटच्या वर, डोंगरावरच्या चक्कीच्या जवळजवळ दुप्पट.

मग अडलंय कुठे? खर्चात. समुद्राच्या तळात खांब रोवायचे, मोठी जहाजं आणायची, पाण्याखालून केबल टाकायची, खाऱ्या हवेत दुरुस्ती करायची. जमिनीवरच्या चक्कीपेक्षा हा खर्च दुपटीहून जास्त जातो. म्हणून ती वीज महाग पडते, आणि महाग वीज घ्यायला कुठलंच वीज मंडळ आपणहून पुढे येत नाही. ही मधली दरी सरकारने भरून द्यावी की नाही, याचाच सगळा वाद आहे.

आपल्या डोंगरावर काय झालं?

पुण्यात 'महाऊर्जा'चं मुख्य कार्यालय आहे. सूर्य, वारा, बायोगॅस यांच्या ऊर्जेचं काम बघणारी ही राज्य सरकारची संस्था. तिने १९९४ मध्ये सिंधुदुर्गात देवगडजवळ जामसंडे इथे दीड मेगावॉटचा प्रकल्प उभारला. महाराष्ट्रात वाऱ्यावर वीज होते हे त्याने दाखवून दिलं. पुढे सातारा जिल्ह्यातलं चाळकेवाडीचं पठार, पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल असे भाग पवनचक्क्यांनी भरून गेले. ठोसेघरचा धबधबा बघायला गेला असाल, तर पठारावर रांगेत उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या चक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. आज राज्यात पाच हजार मेगावॉटच्या पुढे पवनऊर्जा उभी आहे.

हे सगळं नुसत्या वाऱ्याच्या जोरावर झालेलं नाही. त्यामागे सरकारी मदत होती. ती तीन प्रकारची होती, आणि तिन्ही आपल्याला दुधाच्या धंद्यावरून समजतील.

पहिला प्रकार : गाय घ्यायला मदत. जो चक्की उभारेल त्याला करात मोठी सूट. चक्कीच्या किमतीचा ८० टक्के भाग, त्याही आधी काही वर्षं तर पूर्ण किंमत, पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा करता येई. समजा चक्की पाच कोटींची आहे. चार कोटींच्या नफ्यावर कर भरायचा नाही. कर तीस टक्के धरला तर पहिल्याच वर्षी एक कोटी वीस लाख वाचले. त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता अशा कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनीही साताऱ्याच्या डोंगरावर चक्क्या घेतल्या. यावर टीका अशी झाली, की गाय घेतली की अनुदान मिळून गेलं, मग ती दूध किती देते हे कोण बघतंय? वारा नीट न मोजता चक्क्या उभ्या राहिल्या, काही नीट चालल्या, काही रडतखडत चालल्या.

दुसरा प्रकार : लिटरमागे अनुदान. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये दिले, ते तुमच्यापैकी अनेकींच्या खात्यात आले असतील. तसंच केंद्र सरकारने डिसेंबर २००९ पासून वाऱ्याच्या विजेला युनिटमागे ५० पैसे द्यायला सुरुवात केली. जेवढी वीज तेवढे पैसे. इथे गाय दूध देते की नाही, याची काळजी मालकालाच घ्यावी लागते.

तिसरा प्रकार : भावाची हमी. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या पवनचक्क्यांच्या विजेला युनिटला साडेतीन रुपये भाव ठरवून दिला. दर वर्षी १५ पैसे वाढ, आणि करार १३ वर्षांचा. बाजारात काहीही होवो, भाव ठरलेला. त्याच्या भरवशावर बँकांनी कर्जं दिली. दूधसंघाने तेरा वर्षांचा भाव आधीच लिहून दिला, तर गोठा बांधायला कोण मागे राहील?

या मदतीतून काय कमावलं? एक अख्खा धंदा उभा राहिला. तुलसी तांती हे मुळात कापडाच्या धंद्यातले. विजेच्या त्रासाने त्यांनी पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये चक्क्या बनवणारी सुझलॉन कंपनीच काढली. तिचं मुख्यालय आज पुण्यात हडपसरला आहे. यंत्रं देशात बनू लागली, शिकलेले कारागीर तयार झाले, खर्च उतरला. २०१७ पासून केंद्राने ठरलेला भाव सोडून लिलाव सुरू केला, जो सगळ्यात कमी भावात वीज देईल त्याला काम. फेब्रुवारी २०१७ मध्ये भाव निघाला ३ रुपये ४६ पैसे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातमध्ये २ रुपये ४३ पैसे.

पण दुसरी बाजूही आहे. भाव एकदम उतरल्यावर नव्या चक्क्या बसणं थंडावलं. २०१६-१७ मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॉट बसले होते. पुढच्या वर्षी ते दोन हजारांच्याही खाली आले. सरकारचा हात एकदम काढला की धंदा कोलमडतो आणि कायम ठेवला की आळशी होतो, हा त्यातला धडा.

आता समुद्राची गोष्ट

समुद्रातल्या वाऱ्यासाठी केंद्राने २०१५ मध्ये धोरण केलं. २०३० पर्यंत तीस हजार मेगावॉटचं स्वप्न बोलून दाखवलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी एक हजार मेगावॉटसाठी, निम्मे गुजरातच्या समुद्रात, निम्मे तमिळनाडूच्या. उरलेले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. आपली कोकणपट्टी या पहिल्या टप्प्यात नाही. आणि हे लिहीपर्यंत आपल्या देशाच्या समुद्रात वीज देणारी एकही पवनचक्की फिरत नाही. सरकारी निविदेची मुदत वाढवत न्यावी लागली, कंपन्या हात आखडून आहेत.

या ६,८५३ कोटींचा हिशेब आम्ही पाटीवर मांडून पाहिला. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर माणशी ४९ रुपये. पाच जणांच्या घराचे २४५ रुपये. दुसरा हिशेब असा : वर्षाला ३७२ कोटी युनिट, २५ वर्षं. म्हणजे ९,३०० कोटी युनिट. त्यांवर ६,८५३ कोटी वाटले की युनिटमागे साधारण ७४ पैसे मदत पडते. आता बचत गटातल्या बायकांना हे सांगायला नको, की आज दिलेला रुपया आणि पंचवीस वर्षांत थोडा थोडा परत येणारा रुपया सारखा नसतो. व्याज धरलं तर मदत ७४ पैशांपेक्षा बरीच मोठी ठरते.

मदत द्यावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं

एक. नवीन धंदा लहान बाळासारखा असतो, सुरुवातीला हात धरावाच लागतो. सौरऊर्जेचं उदाहरण ते देतात. २०१० मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या लिलावात सौर विजेचा भाव युनिटला दहा रुपयांच्या वर होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. त्या महाग काळात कुणी पैसा घातला नसता, तर आज छपरावर आणि शेतपंपावर सौर पॅनेल दिसले नसते.

दोन. सूर्य मावळला की सौर वीज संपते. नेमके त्याच वेळी गावागावांत दिवे लागतात, पंखे आणि टीव्ही चालतात. समुद्रातला वारा संध्याकाळी आणि रात्रीही वाहतो. आपल्या डोंगरावरचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर जोर धरतो. पावसाळ्यात शेतपंप बंद असतात तेव्हा वीज भरपूर, आणि रब्बीच्या पाण्याला लागते तेव्हा वारा मंद.

तीन. जमीन लागत नाही. चक्क्या, रस्ते, तारा यांसाठी गायरान आणि शेतं जात नाहीत.

चार. कोळसा जाळून हवा बिघडते आणि उन्हाळे वाढतात, पावसाचा नेम राहत नाही. त्याची किंमत कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते. ती आपण जळालेल्या पिकात आणि टँकरच्या पाण्यात भरतो.

नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं

एक. जमिनीवरचा वारा आणि सूर्य यांची वीज स्वस्तात मिळत असताना महाग वीज का घ्यायची? तोच पैसा शेतकऱ्यांना दिवसा वीज देण्यात, जुन्या तारा बदलण्यात आणि वीज साठवण्याच्या सोयीत घाला.

दोन. समुद्र रिकामा नाही. तिथे मासेमारी चालते. खांब ठोकताना पाण्याखाली मोठा आवाज होतो, केबलजवळ जाळी टाकता येत नाहीत, चक्क्यांच्या आसपास होड्यांना मज्जाव होतो. समुद्रावर कुणाचा सातबारा नसतो, म्हणून भरपाई कुणाला द्यायची हेच ठरत नाही. आणि होडीवर जाणाऱ्या पुरुषाची नोंद कुठे तरी असते. किनाऱ्यावर मासे सोलणाऱ्या, सुकवणाऱ्या, टोपलीतून विकणाऱ्या बाईची नोंद कुठेच नसते. होडी बंद झाली की तिचा धंदा आधी बसतो.

तीन. करार एकदा चुकला की पिढ्या भरत राहतात. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. गुहागर तालुक्यातला दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आठवा. १९९३ मध्ये अमेरिकी कंपनीशी राज्याच्या वीज मंडळाने करार केला. वीज घ्या किंवा न घ्या, ठरलेले पैसे द्या, अशी त्याची घडण. पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने तो करार तपासून, ही वीज राज्याला झेपणार नाही, असा हिशेब तेव्हाच मांडला होता. १९९९ मध्ये प्रकल्प सुरू झाला, वीज मंडळाला तिची किंमत परवडेना, २००१ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. या प्रकल्पाला तिथल्या वेलदूर गावच्या कोळी बायकांनी उघड विरोध केला होता. जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे गावात शिरून त्यांची धरपकड केली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने या आंदोलनावरच्या दडपशाहीबद्दल अहवाल काढला. ज्या बायकांना अडाणी म्हटलं गेलं, त्यांचा विरोध शेवटी आतबट्ट्याच्या सौद्याला होता.

बाहेरच्या देशांत काय चाललंय?

समुद्रात पहिल्यांदा चक्क्या उभारल्या डेन्मार्कने, १९९१ मध्ये विंडेबी इथे. अकरा चक्क्या, सगळ्या मिळून पाच मेगावॉट. त्या २०१७ मध्ये काढून टाकल्या. तोवर हा धंदा युरोपभर पसरला होता.

इंग्लंडची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे कंपनीला एक भाव ठरवून देतात. बाजारभाव त्याखाली गेला तर फरक कंपनीला मिळतो. बाजारभाव वर गेला तर वरचा पैसा कंपनीने परत करायचा. म्हणजे तोट्यात आधार आणि नफ्यात वाटा. पण २०२३ मध्ये सरकारने हा भाव इतका कमी ठेवला, की समुद्रातल्या चक्क्यांसाठी एकही कंपनी बोली लावायला आली नाही. पुढच्या वर्षी भाव वाढवला तेव्हा कंपन्या परत आल्या. डेन्मार्कनेही २०२४ च्या शेवटी अनुदानाशिवाय लिलाव करून पाहिला, बोली शून्य. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि त्यांनी समुद्रातले नवे परवाने थांबवले. सरकार बदललं की धोरण बदललं. पंचवीस वर्षांच्या धंद्याला पाच वर्षांचं धोरण पुरत नाही.

आणि एक गोष्ट खास आपल्या गटांसाठी. डेन्मार्कच्या राजधानीसमोर मिडेलग्रुंडन नावाचा प्रकल्प २००० मध्ये उभा राहिला. वीस चक्क्या, चाळीस मेगावॉट. त्यातल्या निम्म्या चक्क्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या, आणि तिचे सभासद होते आठ हजारांहून जास्त साधे नागरिक. आपल्याकडे सहकारातून साखर कारखाने, दूधसंघ, पतपेढ्या उभ्या राहिल्या. पवनचक्की मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच्या मालकाची राहिली. गावाच्या डोंगरावर ती फिरते आणि गाव खालून बघत राहतं.

पाऊस, पक्षी आणि पठार

या विषयावर बोलायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो : पवनचक्क्या ढग पळवतात का? सातारा-सांगलीच्या बऱ्याच गावांत ही समजूत आहे. पावसाचे वारे आणि ढग काही किलोमीटर जाडीचे असतात. चक्कीच्या पात्याचं टोक शे-दीडशे मीटरवर. तेवढ्या पात्याने मोसमी पाऊस हटत नाही. माण-खटावचा दुष्काळ पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीचा आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजीला विचारा, तेव्हा पठारावर एकही चक्की नव्हती. सह्याद्री पाऊस अडवतो आणि पलीकडचा भाग कोरडा राहतो, हे त्याचं कारण.

पण म्हणून चक्क्यांचा काहीच परिणाम नाही, असंही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी आढळले. शिकारी कमी झाले म्हणून तिथले सरडे वाढले, आणि त्यांची वागणूकही बदलली. त्या सरड्याच्या शास्त्रीय नावात 'सरडा' हा आपला मराठी शब्दच आहे. सांगायचा मुद्दा असा, की खोटी भीती बाजूला ठेवली तर खरा परिणाम नीट दिसतो. समुद्रातही आधी मासे आणि पक्षी मोजायला हवेत, खांब नंतर.

जमिनीवरचा अनुभव विसरू नका

पवनचक्क्यांच्या गावांतून वर्षानुवर्षं येणाऱ्या तक्रारी सारख्याच आहेत. एजंटाने मालकाला पूर्ण माहिती न देता कमी भावात जमीन घेतली. मोठ्या गाड्यांनी बांध आणि पाणंद रस्ते मोडले. ग्रामपंचायतीच्या करासाठी भांडावं लागलं. साक्री भागात वनजमिनीवरच्या हक्कावरून आदिवासींनी आंदोलनं केली. आणि पैशाच्या वाटेवर गुंडही येतात. बीड जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरात एका सरपंचांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तो जोडलेला असल्याचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. स्वच्छ वीज म्हणजे आपोआप स्वच्छ व्यवहार, असं समजू नका.

म्हणून तुमच्या शिवारात कुणी पवनचक्कीसाठी किंवा सौर प्रकल्पासाठी जमीन मागायला आलं, तर एवढं बघा :

– जमीन विकत घेणार की भाड्याने? भाडं किती वर्षांचं, आणि दर वर्षी वाढ किती?
– सातबाऱ्यावर घरातल्या बाईचं नाव आहे का? नाव नसेल तर भाड्याचा पैसा येईल, पण तिच्या हातात येणार नाही.
– रस्ता, विहीर, बांध मोडला तर दुरुस्ती कोण करणार, हे लेखी आहे का?
– चक्कीचं आयुष्य संपल्यावर ती काढून जमीन पूर्ववत कोण करून देणार?
– ग्रामसभेत विषय आला का? महिला ग्रामसभेत आला का?
– मुखत्यारपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर अंगठा मागतात का? मागत असतील तर उठून या, आधी वकिलाला दाखवा.

मग आमचं मत काय?

विचारलंत म्हणून सांगतो. समुद्रातल्या वाऱ्याला सुरुवातीची मदत द्यायला आमची हरकत नाही, पण ती अटी घालून द्यावी. पहिली अट, पैसा गाईला नको, दुधाला द्या, म्हणजे निघालेल्या युनिटवर द्या. दुसरी, मदत किती वर्षांत बंद होणार ते आधीच लिहा, म्हणजे धंदा आपल्या पायावर उभा राहायला शिकेल आणि एकदम कोसळणारही नाही. तिसरी, बाजारभाव चढला तर वरचा पैसा जनतेला परत. चौथी, कोळीवाड्यांशी बोलणं आधी, निविदा मागाहून, आणि नुकसानभरपाईच्या यादीत मासे विकणाऱ्या बायकांची नावं हवीत. पाचवी, करार जनतेला वाचता येईल असा खुला हवा, मराठीत हवा. दाभोळचा करार लोकांपासून लांब ठेवला गेला, त्याची किंमत आपण भरली.

आमच्यातल्याच काही जणींना हे पटत नाही. त्या म्हणतात, आधी आमच्या शेतपंपाला दिवसा वीज द्या, मग समुद्रात जा. त्यांचंही म्हणणं खोटं नाही. रात्री दोन वाजता पाणी धरायला कोण जातं, आणि तो घरी येईपर्यंत कोण जागं राहतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. वीजदर ठरण्याआधी राज्याचा वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. ग्राहकाला तिथे लेखी सूचना देता येते, उभं राहून बोलताही येतं. त्यासाठी वकील लागत नाही, पदवी लागत नाही. सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात येते. तुमच्या गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला ती वाचायला सांगा, आणि गटाच्या शिक्क्यानिशी एक पान लिहून पाठवा. त्या पानावर काय लिहायचं, हे ठरवण्यासाठी खालचे प्रश्न उपयोगी पडतील.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत कुठलं अनुदान 'गाय घ्यायला' आलं आणि कुठलं 'दुधाला'? कशाचा उपयोग टिकला?

२. घरामागे २४५ रुपये समुद्रातल्या पवनचक्क्यांना द्यायचे की दिवसाच्या शेतीविजेला? दोन्ही बाजूंनी दोघी-दोघी बोला, मग हात वर करून मत घ्या.

३. आपल्या गटातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? मोजा आणि आकडा आम्हाला कळवा.

तुमची उत्तरं पोस्टकार्डाने पाठवा किंवा केंद्रावर फोन करून सांगा. निवडक उत्तरं पुढच्या महिन्यात रेडिओवर वाचून दाखवू. पुढचा विषय आहे छपरावरची सौर वीज : कर्ज, अनुदान आणि फसवणूक.